श्रमपरिहाराचा प्रमाण उच्चार

लालबागच्या तावडे अल्टिमा सहकारी गृहनिर्माण संस्थेत मद्यपानास सक्त मनाई आहे. पोटनियमात तसं कलम आहे, तळमजल्यावर तशी पाटी आहे, आणि पाटीखाली दोन कुंड्या ठेवून तिचं पावित्र्य राखलेलं आहे. त्यामुळे या इमारतीत आजवर कोणीही मद्यपान केलेलं नाही. इथले सभासद फक्त श्रमपरिहार करतात.

हा शब्द इमारतीपेक्षा जुना. टॉवरच्या जागी तावडे चाळ होती, तेव्हा अनंत चतुर्दशीला गणपतीची गाडी चौपाटीपर्यंत ओढून पोरं दुसऱ्या दिवशी अंग मोडून पडत. संध्याकाळी त्यांना मटण-भाकरी आणि घसा ओला करायला थोडं काहीतरी मिळे. त्या 'काहीतरी'ला मंडळाच्या अहवालात काय म्हणायचं, असा पेच पडला, तेव्हा कुणा सोवळ्या चिटणीसाने थेट संस्कृतातून हा शब्द उचलून आणला. शब्द इतका शुद्ध, की त्याच्या तोंडाला वासच येत नसे. बायकांनाही तो चालला, देवालाही चालला असावा.

पुढे चाळ गेली, टॉवर आला. गाडी ओढायला ट्रॅक्टर आला. श्रम संपले, पण परिहार तसाच खोळंबून राहिला. मग कमिटीने श्रम शोधून काढले. पाण्याची टाकी ठेकेदाराची माणसं धूत. ती धूत असताना खाली उभं राहून वर बघण्याचे श्रम कमिटीला होत. झेंडावंदनाला दोरी ओढण्याचे श्रम होत. वार्षिक सभेत बोलणाऱ्याला बोलण्याचे आणि ऐकणाऱ्याला ऐकण्याचे. एकदा तर लागोपाठ दोन श्रमपरिहार झाल्याने सगळ्यांना इतका थकवा आला, की तो घालवायला तिसरा ठेवावा लागला. जागा ठरलेली, गच्ची. वेळ ठरलेली, दिवेलागणीनंतर. आणि संस्थेच्या इतिवृत्तात व्याख्याही ठरलेली: 'श्रमपरिहार म्हणजे सामुदायिक कार्यानंतर सभासदांनी एकत्र येऊन ग्लासातून केलेली यथाशक्ती विश्रांती.'

सहाव्या मजल्यावरच्या सीताराम परबांना याचं काही वाईट वाटत नसे. शिवडीच्या गोदामात नोकरी करून निवृत्त झालेला हा माळकरी माणूस. त्यांना एकच व्यसन, कीर्तनाचं. दादरला असो, गिरगावात असो, कुठे झांज वाजली की परब पहिल्या रांगेत. निरूपण रंगलं की डोळे मिटत आणि बुवांनी विनोद केला की शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून हसत. शेजारी अनोळखी असला तरी. गच्चीवरच्या मंडळींविषयी ते म्हणत, "असूं दे रे. जीभ देवानंच दिली. एकाला नाव घ्यायला दिली, एकाला चव घ्यायला."

त्यांच्या वडिलांनी चाळीच्या पटांगणात रामनवमीचं कीर्तन सुरू केलं होतं. टॉवर झाल्यावर ते तळमजल्याच्या हॉलमध्ये आलं. कीर्तनाला गिरगावच्या मीराबाई येत. नऊवारी, खणखणीत आवाज, आणि उच्चार असा की 'ऋषी' म्हटल्यावर जटा दिसाव्यात. पण डॉक्टरांनी बाईंच्या घशाला यापुढे विश्रांती सांगितली होती. यंदाची रामनवमी त्यांची शेवटची. इकडे परबांच्या पत्नीचे, कौसल्याबाईंचे, गुडघे पार गेलेले. चाकाच्या खुर्चीतून लिफ्टने खाली हॉलपर्यंत, एवढंच त्यांचं जग उरलं होतं.

"माका ह्या वर्साचा कीर्तन आयकूचाच आसा," त्या फाल्गुनापासून म्हणत होत्या. "मगे बाई येवचे नाय."

"आयकशील गो," परब म्हणत. "हॉल खंय पळता?"

हॉल पळाला नाही. पळाला तो संस्थेचा खजिनदार अजित, आणि तोही वर.

त्याचं असं झालं. टाकीच्या श्रमपरिहारानंतर अजित लिफ्टमध्ये शिरला, हाताला लागलं ते बटण दाबून चौदाव्या मजल्यावर उतरला आणि उघडं दार दिसलं म्हणून आत जाऊन सोफ्यावर आडवा झाला. घर सेसिलिया फर्नांडिसचं होतं. सेसिलिया मूळची गिरगावातल्या वाडीतली, कुणाच्या बापाला न भिणारी. अजितने तिच्याकडे डोळे मिटून पेज आणि लोणचं मागितलं. तिने पेज दिली नाही; विशेष सभेची मागणी केली.

"तुमचा माणूस पिऊन माझ्या घरात घुसला," ती सभेत म्हणाली.

सचिव राकेश उभा राहिला. लोअर परळच्या एका कचेरीत तो नियमपालन बघायचा. कुठलाही अपघात झाला की तो नियमाप्रमाणे झाला का, एवढंच तपासायचं काम. "सेसिलिया आंटी, शब्द जपून वापरा. आपल्या सोसायटीत पिणं अलाउड नाहीये. त्यामुळे कोणी पिऊन असणं पॉसिबल नाही."

"मग त्याला काय झालेलं?"

"त्याचा श्रमपरिहार झाला होता."

"हे बघ बाबा, आम्ही पण घरी वाइन घेतो. घेतो तर घेतो बोलतो. तुम्ही घेता आणि संस्कृत बोलता!"

यावर टाळ्या पडल्या, त्या लगेच आवरल्या गेल्या. चर्चेअंती असं ठरलं, की ज्याचा श्रमपरिहार प्रमाणाबाहेर झाला आहे त्याला लिफ्टने वर सोडू नये. पण ते ओळखायचं कसं? कोणीतरी पोलिसांकडे असतं तसं फुंकायचं यंत्र सुचवलं.

"नाही नाही," राकेश म्हणाला. "फुंकायचं मशीन आणलं, म्हणजे दारू आहे हे आपण मान्य केलं. रेकॉर्डवर येणार ते. आपल्याकडे शब्द आहे ना? माणूस ठीक असेल तर तो शब्द नीट म्हणेल. नसेल तर जीभ अडखळेल. शब्द म्हणा, लिफ्ट चालू."

परबांना ही कल्पना फार आवडली. जिभेवर माणसाची परीक्षा! हे तर कीर्तनातच शोभण्यासारखं. त्यांनी हात वर केला.

यंत्र आलं. लिफ्टशेजारी बसलं. कंपनीने सांगितलं, की प्रमाण उच्चार ठरवण्यासाठी सात जबाबदार व्यक्तींचे आवाज भरावे लागतील. जबाबदार म्हणजे कमिटी. कमिटीचे सातही जण एका वेळी एका जागी फक्त गच्चीवर सापडत. म्हणून यंत्रखरेदीच्या श्रमपरिहारातच, ऐन भरात, आवाज भरण्यात आले. सातही जणांनी तो शब्द छातीवर हात ठेवून म्हटला. सातांचा उच्चार तंतोतंत जुळला. कंपनीच्या माणसाने एवढी एकवाक्यता कुठल्याच सोसायटीत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परब दूध घेऊन आले आणि लिफ्टसमोर उभे राहिले.

"कृपया शब्द उच्चारा," यंत्र म्हणालं.

परबांनी माळेला हात लावला, श्वास घेतला आणि मीराबाईंना आवडेल असा शब्द काढला, "श्रमपरिहार."

लाल दिवा लागला. "आपण सध्या प्रवासास योग्य नाही. कृपया विश्रांती घ्या."

परबांनी पुन्हा म्हटलं. जोडाक्षर आणखी स्वच्छ केलं. लाल. वॉचमन धोंडू स्टुलावरून उठला आणि हळूच दुधाची पिशवी हुंगून गेला.

तेवढ्यात अजित आला. रात्रीचा श्रमपरिहार अजून पुरता उतरला नव्हता. यंत्राकडे बघून तो प्रेमाने म्हणाला, "शंपरियाऽ." हिरवा दिवा लागला, दार उघडलं, आत पंखासुद्धा सुरू झाला.

परब जिन्याने गेले. तिसऱ्या लालला त्यांच्या नावापुढे संस्थेच्या ॲपवर 'निरीक्षणाखाली' असं आलं. चौथ्याला हॉलचं आरक्षण बंद झालं.

"राकेश, अरे, मी माळकरी माणूस!" ते सचिवाच्या दारात जाऊन म्हणाले. "आयुष्यात थेंब घेतला नाही."

"काका, मला पर्सनली माहितीये हो. पण सिस्टिमला कुठे माहितीये? रामनवमीच्या आत एक क्लीन उच्चार द्या, हॉल तुमचा."

"क्लीनच देतो आहे रे! तुझं यंत्र चुकीचा मागतंय."

"चुकीचा कसा, काका? सात जणांचा ॲव्हरेज आहे. तुमचा एकट्याचा."

परब आल्या पावली जिन्याकडे वळले. लोकशाहीपुढे व्याकरण कोणाचं चाललंय?

आठवड्याभरात इमारतीला वळण लागलं. शाळेतून आलेली मुलं दप्तर सांभाळत "शंपरियाऽ" म्हणून वर जाऊ लागली. एका शिक्षिकेने म्हणे वर्गात श्रमदानाचा अर्थ विचारला आणि तावडे अल्टिमातल्या तिन्ही मुलांनी "शंदान" म्हटलं. डॉक्टर, वकील, डाएटवाल्या बाई, सगळ्यांची जीभ लिफ्टच्या दारात सैल पडू लागली. सेसिलियाला तो उच्चार काही केल्या जमेना. एकदा मुलीच्या वाढदिवसाला दोन ग्लास वाइन झाल्यावर मात्र दिवा पटकन हिरवा झाला. तेव्हापासून ती बाजारात जाताना पर्समध्ये छोटी बाटली ठेवू लागली. "मी कधी दुपारची घेत नव्हते," ती धोंडूला म्हणाली, "पण सोसायटीचा रूल आहे ना. भाजी घेऊन चौदा माळे कोण चढणार?"

परब मात्र चढत होते. आणि कौसल्याबाई खिडकीत बसून विचारत होत्या, "बाईंका कळवलात मा? हॉल गावलो मा?"

शेवटी एके संध्याकाळी परब गच्चीवर गेले. मंडळींनी एकदम ग्लास पाठीमागे धरले, मग कोण आहे ते बघून पुढे घेतले.

"अजित," परब म्हणाले, "मला तो शब्द शिकव."

अजित मनाचा फार चांगला. त्याने खुर्ची दिली, परबांसाठी खालून कोकम सरबत मागवलं आणि समोर मांडी घालून बसला. "काका, पहिली चूक म्हणजे तुम्ही 'श्र' म्हणता. 'श्र' म्हटलं की माणूस शुद्धीवर वाटतो. 'श' म्हणा. तोही म्हणू नका, सुटू द्या. सुटला की त्याच्या मागे धावायचं नाही."

"श," परब म्हणाले.

"घट्ट झाला. गालातली हवा काढा. मधले 'प-रि-हा' तिघं भाऊ आहेत असं समजा, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चाललेत. आणि शेवटचा 'र' आला ना, तर त्याला सांगायचं, उद्या ये."

परब चिवट विद्यार्थी. कोकम सरबतावर त्यांनी ते साधलं, ही अजितच्या मते गच्चीच्या इतिहासातली एकमेव घटना. चौथ्या दिवशी लिफ्टपुढे त्यांनी खांदे पाडून म्हटलं, "शंपरियाऽ," आणि दिवा हिरवा झाला. धोंडूने टाळी वाजवली. त्याच दुपारी ॲपवर हॉल मिळाल्याचा संदेश आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसल्यावर परबांनी देवाचं नाव घेतलं. 'रा'पर्यंत ठीक गेलं. 'म'पर्यंत जीभ पोचेना. वाटेतच बसली.

"काय वो," आतून कौसल्याबाई म्हणाल्या, "देवाचा नाव अर्ध्यार सोडलात?"

परबांनी जीभ दातांनी धरून पुन्हा म्हटलं. त्या दिवशी ते जेवले नीट नाहीत.

रामनवमी उजाडली. परबांनी अबोली माळलेल्या कौसल्याबाईंना खुर्चीत बसवलं, ते एकटे खाली जाऊन यंत्राला हवा तो शब्द देऊन आले, आणि त्यांना लिफ्टने खाली आणलं. सतरंज्या डेकोरेटरच्या माणसांनी घातल्या होत्या. त्या कुठे घालायच्या हे बोट दाखवून सांगण्याचे श्रम अजितने केले होते, आणि परिहारासाठी तो सकाळीच गच्चीवर रवाना झाला होता.

दहाच्या सुमारास मीराबाई आल्या. हॉल लिफ्टच्या पलीकडे आणि त्याचं दारही याच यंत्रावर, त्यामुळे पाहुण्यांनाही यंत्र चुकत नसे. बाईंनी पदर सारखा केला, झांजा बगलेत धरल्या आणि धोंडूने सांगितलेला शब्द उच्चारला. असा उच्चारला, की लॉबीतल्या दोन-चार जणांनी नकळत हात जोडले.

लाल दिवा लागला.

"बाई, परत एकदा, जरा लूजमध्ये," धोंडू म्हणाला.

"लूजमध्ये म्हणजे?"

परबांनी मान खाली घालून समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "परब, या जिभेनं पन्नासेक वर्षं देवासमोर अक्षरं मांडली. आता शेवटच्या दिवशी सांडू होय? नाही जमणार हो."

नियमात सोय होती. नियमात नेहमीच असते. लाल दिव्याच्या पाहुण्याला हिरव्या दिव्याचा सभासद हमी देऊन आत घेऊ शके. धोंडूने मोबाइल पुढे केला आणि त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला, "सदर पाहुणी तोल गेलेल्या अवस्थेत असून तिच्या वर्तनाची जबाबदारी मी घेत आहे. मान्य."

परबांनी बोट काचेपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. आयुष्यभर ज्यांच्या पायाशी बसले, त्यांच्याविषयी हे? त्यांनी हॉलकडे पाहिलं. पहिल्या रांगेच्या कडेला खुर्चीत कौसल्याबाई बसल्या होत्या. टाळ्या वाजवायचा सराव म्हणून दोन्ही तळवे एकमेकांवर हलके टेकवत होत्या.

"दाबा, परब," मीराबाई म्हणाल्या. "मला रामाला बारा वाजता जन्माला घालायचंय. खोळंबा नको."

परबांनी दाबलं.

बाईंनी त्या दिवशी जे कीर्तन केलं, तसं लालबागने बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. घसा वाचवायचा नव्हताच, मग राखायचा कशाला? आणि पूर्वरंगाला त्यांनी तोच शब्द घेतला.

"श्रोते हो, आज दारात मला तुमच्या यंत्रानं एक शब्द विचारला. फार गोड शब्द. श्रम म्हणजे काय? जो दुसऱ्यासाठी होतो तो. परिहार म्हणजे काय? जो दुसऱ्यानं करायचा असतो तो. रानात वणवण करून रामराया थकले; त्यांचा श्रमपरिहार केला कुणी? शबरीनं. कशानं? बोरांनी. आता तिच्याकडे ग्लास नव्हता, हो, त्याला ती तरी काय करणार!"

हॉल हसला. राकेशही हसला, मग त्याने मोबाइल बघितला.

"म्हणा माझ्याबरोबर. गिळायचं नाही काही. 'र' येतोय ना दारात, त्याला आत घ्या. श्रम! परिहार!"

झांज वाजली. आधी लोक चाचरले. लिफ्टची सवय लागलेली. मग मुलांनी धरलं, मग बायकांनी. पुन्हा झांज, पुन्हा शब्द. कौसल्याबाईंचा आवाज सगळ्यांत वर. परबांची जीभ पहिल्यांदा घसरली, दुसऱ्यांदा सावरली, आणि तिसऱ्यांदा त्यांच्या तोंडून असं लखलखीत अक्षर बाहेर पडलं, की त्यांचेच डोळे भरले. बाराला पाळणा हलला. राम जन्मला. सुंठवडा वाटला गेला. परबांनी रामाचं नाव घेतलं, ते 'म'सकट.

मग सगळे जेवायला वर जायला निघाले.

"कृपया शब्द उच्चारा."

"श्रमपरिहार," डाएटवाल्या बाई म्हणाल्या. लाल. डॉक्टर म्हणाले. लाल. मुलांनी एका सुरात म्हटलं. लाल. लोकांनी जुना उच्चार आठवून पाहिला, पण जिभेला नुकतंच चांगलं वळण मिळालेलं, ती काही वाकेना. सेसिलियाने पर्स चाचपली; उत्सव म्हणून तिने आज बाटली घरी ठेवली होती. परबांनी खांदे पाडले, गालातली हवा काढली, तरी शब्द निघाला तो शबरीच्या बोरासारखा गोड आणि अख्खा. बाहेर चैत्राचं ऊन, लॉबीत घामाने निथळणारे शंभर लोक, आणि मधोमध चाकाच्या खुर्चीत कौसल्याबाई.

शेवटी राकेश स्वतः पुढे झाला आणि त्याने अधिकाराने शब्द म्हटला. लाल.

"बघ, मशीन बिघडलंय," सेसिलिया म्हणाली.

"मशीन ऑडिटेड आहे," राकेश म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण श्रद्धा ढळली नव्हती. त्याने थोडा विचार केला. "याचा अर्थ एकच. आत्ता इथे आपण सगळेच जण प्रमाणाबाहेर आहोत. धोंडू, तो सुंठवडा कोणी केला होता? थोडा बाजूला काढून ठेव. तपासायला पाठवू."

तेवढ्यात वरून लिफ्ट आली. दार उघडलं. आत अजित होता, भिंतीला टेकून, प्रसन्न.

"झालं का कीर्तन?" त्याने विचारलं आणि यंत्राकडे वळून म्हणाला, "शंपरियाऽ."

हिरवा दिवा लागला. संपूर्ण इमारतीत प्रवासास योग्य असा तो एकच माणूस होता. मग त्यानेच एकेक खेप करून सगळ्यांना वर सोडलं. कौसल्याबाईंची खुर्ची स्वतःच्या हातांनी आत घेतली, "मावशी, पाय सांभाळा हां," म्हणाला आणि हाताला लागलं ते बटण दाबलं. परब नवरा-बायको चौदाव्या मजल्यावर उतरली. पुढच्या खेपेची वाट न बघता मागून जिन्याने धापा टाकत आलेल्या सेसिलियाने त्यांना आपल्या सोफ्यावर बसवलं, लिंबू सरबत दिलं, आणि या वेळी कुठेही तक्रार केली नाही.

पुढच्या सभेत घटनेचा आढावा झाला. यंत्र निर्दोष ठरलं. आणीबाणीच्या प्रसंगी शुद्ध राखल्याबद्दल अजितची अध्यक्षपदी निवड झाली. कीर्तनामुळे सभासदांची उच्चारक्षमता तात्पुरती नष्ट होते, असं नोंदवण्यात आलं. तथापि परंपरेचा मान ठेवून कीर्तनाला कायमची परवानगी देण्यात आली. अट एवढीच, की कीर्तन संपल्यावर आणि लिफ्टपूर्वी प्रत्येक श्रोत्याने श्रमपरिहार करणं बंधनकारक राहील. ठराव मताला आला. सगळे हात वर गेले.

परबांनी आजूबाजूला पाहिलं. पुढल्या वर्षी मीराबाई नसतील, पण त्यांची एक शिष्या यायला तयार होती, आणि कौसल्याबाईंनी चाकं फिरवत सकाळीच विचारलं होतं, "पुढल्या वर्सा कीर्तन आसा मा?" परबांनी एका हाताने माळ धरली आणि दुसरा वर केला.

तर श्रोते हो, आता तुम्ही. आजूबाजूला कोणी नसेल तर तो शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. आला स्पष्ट? जोडाक्षरासकट? शेवटच्या 'र'सकट?

मग तुम्ही जिन्याने या.